हूकवर्मच्या रकान्यातली शून्यं

पहिल्या आठवड्याचं रजिस्टर शनिवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर आलं. गोलकृमीच्या रकान्यात तुरळक नोंदी, व्हिपवर्मच्या रकान्यात त्याहून कमी, आणि हूकवर्मच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. निळ्या शाईत, एकाखाली एक, पाढे लिहिल्यासारखी. "मॅडम, हूकवर्म नाहीच म्हणायचा इकडं," टेक्निशियन म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, शून्य आलं की पुढची कामं कमी होतात. औषधांची जुळवाजुळव नको, घरोघरी परत जाणं नको.

त्या शून्यांचं पुढं काय झालं ते इथं लिहिते आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पोटातल्या जंतांचा प्रादुर्भाव किती, हे पाहायला आम्ही गावोगाव शौचाचे नमुने गोळा करत होतो. हे गाव राधानगरी तालुक्यातलं. नाव देत नाही. चूक आमची होती, आणि गावाचं नाव एकदा छापून आलं की 'जंतांचं गाव' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

पश्चिम पट्टाच का निवडला, ते आधी सांगते. बारा तालुक्यांचा आमचा जिल्हा एका मातीचा नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी जमीन, ऊस आणि बेताचा पाऊस. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड ही सह्याद्रीला टेकलेली बाजू. तांबडी माती, जांभा, भाताची खाचरं आणि चार महिने न सुटणारी ओल. हूकवर्मला, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या अंकुशकृमीला, हेच हवं असतं. माणसाच्या विष्ठेतून मातीत पडलेलं अंडं ओल, ऊब आणि सावली मिळाली तर एक-दोन दिवसांत फुटतं. पुढच्या आठवडाभरात त्यातली अळी अशी तयार होते, की ती अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरते. हे कळलं तेही अपघातानं. १८९८ च्या सुमारास कैरोमध्ये आर्थर लूस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब सांडला, जागा लाल होऊन खाजायला लागली आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात अंडी सापडली.

ज्या जिल्ह्याच्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच जिल्ह्यात शेतात पायात काही नसतं. साहजिकच आहे. रोपलावणीच्या चिखलात कोल्हापुरी घालून कोण उतरणार? पावसाळ्यात बायकांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यावर मेंदी लावली जाते, आणि हूकवर्मची अळी शिरताना येणारी खाजही त्याच नावाखाली जाते. खरं तर पाण्यानं भरलेल्या खाचरात ही अळी फारशी टिकत नाही. तिला बांधाकडची, झाडाखालची, ओलसर पण पाणी न साचलेली माती लागते. नेमकी तीच जागा, जिथं शेतावर आलेलं माणूस आडोशाला बसतं. घरात संडास असला तरी शेत घरापासून मैलभर लांब असतं.

आशाताईंचा आक्षेप

सोमवारी उपकेंद्रावर गेले, तेव्हा आशाताईंना शून्याची बातमी उत्साहानं सांगितली. त्यांनी नोंदवही मिटली आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्या यादीत दहाच्या वर रगत भरलेली बाई एक तरी दाखवा मला. मग मी म्हणते न्हाई म्हणून."

हिमोग्लोबिन कमी असण्याला कारणं बरीच. ताटात लोह कमी, पाळी, पाठोपाठची बाळंतपणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला होता. तो काही सगळा जंतांमुळं नाही. पण हूकवर्मचा हिशोब डोक्यात ठेवायला हवा. नेकेटर जातीचा एक कृमी आतड्याला चिकटून दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, दुसरी जात, अँकिलोस्टोमा, त्याच्या कित्येक पट. नेकेटर शंभर असतील तर रोज तीन मिलिलिटर, म्हणजे सुमारे दीड मिलिग्रॅम लोह. निरोगी माणूस जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषून घेतो. म्हणजे जेवढं आत येतं, तेवढंच बाहेर.

आशाताईंचं बोलणं पुरावा नव्हता. पण आमच्याकडे तरी कुठला होता?

दुसरी गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. गोलकृमी आणि व्हिपवर्म मुलांमध्ये जास्त सापडतात. हूकवर्मचं उलटं आहे, वय वाढतं तसा तो वाढत जातो आणि कष्टकरी प्रौढांत जास्त असतो. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून होतोय. १० फेब्रुवारीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. चांगली गोष्ट आहे. पण रोप लावणाऱ्या चाळिशीतल्या बाईला ती गोळी कोण देतं? मुलांमध्ये दोन्ही कृमी अजून सापडताहेत आणि गोळी कधीच न घेतलेल्या मोठ्यांत हूकवर्म मात्र एकही नाही, हे जुळत नव्हतं.

एका डबीचा दिवस

मग मी एक काम केलं, जे पाहणी सुरू व्हायच्या आधीच करायला हवं होतं. एका डबीच्या मागोमाग दिवसभर फिरले.

डबी आदल्या संध्याकाळी घरी दिलेली. सकाळी साडेसहाला भरली. आशाताईंनी नऊच्या सुमारास उचलली, कारण त्याआधी त्यांना एका गरोदर बाईकडं जायचं होतं. आमची गाडी साडेदहाला आली. वाटेत आणखी दोन गावं घेतली. थंड पेटी होती, पण तिच्यातले बर्फाचे पॅक आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचे राहिले होते. ड्रायव्हरकाकांनी पेटी मात्र नेमानं बरोबर घेतली होती. कोल्हापुरात पोचायला दीड वाजला. पन्नासेक किलोमीटर, आणि आत घाटवळणाचा रस्ता. मग जेवण. मग नाव-नंबर जुळवणं. स्लाइड बनली अडीच-तीनला. एका वेळी वीस-पंचवीस स्लाइड बनवून ट्रेमध्ये ओळीनं मांडल्या आणि मग टेक्निशियन मायक्रोस्कोपला बसला. शेवटची स्लाइड वाचून झाली तेव्हा साडेपाच वाजले होते.

या कामासाठी वापरली जाते ती काटो-कॅट्झ पद्धत. जपानच्या काटो यांची जाड थराची युक्ती ब्राझीलच्या कॅट्झ यांनी १९७२ मध्ये सुधारून तिला मोजमापाचं रूप दिलं. नमुना बारीक जाळीतून दाबून घ्यायचा, ४१.७ मिलिग्रॅम मावेल अशा भोकाच्या पट्टीत भरायचा, पट्टी उचलायची आणि वर सेलोफेन ठेवून उलटं दाबायचं. दिसलेली अंडी मोजून २४ नं गुणलं की ग्रॅममागं अंडी किती ते कळतं. सेलोफेन आदल्या दिवसापासून ग्लिसरीन आणि मॅलाकाइट ग्रीनच्या पाण्यात भिजवलेलं असतं. ग्लिसरीन विष्ठेचा गढूळपणा घालवतं, म्हणून अंडी दिसतात. गोलकृमीचं अंडं जाड कवचाचं, व्हिपवर्मचं दोन्ही टोकांना बुचं असलेलं. ही दोन्ही तासन्‌तास जशीच्या तशी राहतात. हूकवर्मचं कवच मात्र इतकं पातळ, की जे ग्लिसरीन बाकीची दाखवतं तेच याला गिळतं. स्लाइड अर्ध्या तासात, फार तर तासाभरात वाचावी लागते. आणि त्याच्याही आधी, उन्हात आणि गाडीत घालवलेल्या तासांत अंडी खराब होऊन कमी होत गेलेली असतात ती वेगळीच.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच प्रशिक्षणाच्या कागदावर ते लिहिलेलं होतं, तिसऱ्या पानावर. वीस स्लाइड एकदम बनवणं सोयीचं होतं, म्हणून बनवल्या.

पुढच्या दिवशी मायक्रोस्कोप उपकेंद्राच्या व्हरांड्यात आणला. बरोबर इन्व्हर्टर, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. सिस्टरांनी वासासाठी दोन उदबत्त्या लावल्या. सातच्या आत पाच-सहा डब्या आल्या. स्लाइड एका वेळी चारच बनवायची, काचेवर पेन्सिलनं वेळ लिहायची आणि मोबाईलवर गजर लावायचा.

तिसऱ्या स्लाइडवर टेक्निशियननं मला हाक मारली. लंबगोल, कडा एका रेषेएवढी बारीक, आत चार-सहा पेशींचा पुंजका, आणि त्या पुंजक्याच्या व कडेच्या मध्ये स्वच्छ मोकळी जागा. हूकवर्मचंच अंडं. आम्ही ती स्लाइड तशीच राहू दिली आणि तेच ठिकाण पुन्हा पुन्हा पाहिलं. अर्ध्या तासानं आतला पुंजका चुरगळल्यासारखा दिसत होता. पाऊण तासानं कडा शोधावी लागली. सव्वा तासानं तिथं फिकट हिरवी पार्श्वभूमी आणि पाल्याचा एक तंतू, बाकी काही नाही. शेजारचं गोलकृमीचं अंडं मात्र जागच्या जागी होतं. टेक्निशियन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, गेल्या आठवड्यात मी ही जागा बघितली असंल, आन्‌ शून्य लिवलं असंल."

त्या दिवसापासून वाचन दोनदा. आधी फक्त हूकवर्म, तीस मिनिटांच्या आत. मग स्लाइड बाजूला ठेवून बाकीचे दोन, निवांत.

टोमॅटोच्या बिया

वेळ सुधारली तरी डबी कुणाची, हा प्रश्न राहतोच. एका घरातून चार डब्या आल्या, चारही वेळेत आणि भरपूर. चारींत टोमॅटोच्या बिया. एकाच भाजीचं जेवण म्हटल्यावर बिया सगळ्यांत असणारच, इथवर ठीक. पण चारींत गोलकृमीची अंडीही जवळपास तेवढीच, रंगही तोच. आशाताई घरी गेल्या. आजी म्हणाल्या, "घरचंच हाय की समद्यांचं. एका ताटात जेवतोय आमी." दोन मुलं शाळेच्या गडबडीत, सून लाजली, म्हणून आजींनी आपल्यातूनच चौघांची सोय केली होती. हसू आलं, पण त्या चारींनी आमच्या हिशोबात एका माणसाचे जंत चौघांना दिले असते. चारही रद्द केल्या.

डबी न देणारे कोण, हे त्याहून महत्त्वाचं. पहाटे धारा काढून डेअरीत दूध घालायला जाणारे पुरुष घरी परततात आठला, तोवर आमचं वाचन सुरू झालेलं. नवीन सुना सासऱ्यांसमोर डबी हातात घेत नाहीत. वरच्या धनगरवाड्यावरून पायवाटेनं तासभर उतरून कुणी डबी आणून देईल, ही अपेक्षाच चूक होती. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठी काढून निवडली तरी पाहणी करणारा माणूस गावठाणात सुरू करतो आणि गावठाणातच थांबतो. महसुली गावाच्या नावाखाली असलेल्या वाड्या-वस्त्या कागदावर आत असतात, प्रत्यक्षात बाहेर. आणि ज्यांच्या पायाला मातीचा सर्वांत जास्त संबंध येतो, ती माणसं नेमकी याच तीन गटांतली. आम्ही धनगरवाड्यावर मायक्रोस्कोप घेऊन गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "एवढं कशापायी बघताय त्यात? आमी रोज बघतोय की." उत्तर सुचलं नाही.

ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. दसरा-दिवाळीनंतर येतात, गळीत संपलं की जातात. त्यांचा प्रादुर्भाव त्यांनी कुठल्या मातीतून आणला, हे आमच्या पाहणीतून सांगता येणार नव्हतं. आमचा हंगाम पावसाच्या शेवटचा होता. जून-जुलैत शिरलेली अळी पाच ते नऊ आठवड्यांनी अंडी घालायला लागते, त्यामुळं लावणीच्या दिवसांतच पाहणी केली असती तर त्या वर्षीची लागण दिसलीच नसती. मुलांबाबत ऑगस्टची गोळी नुकतीच पोटात गेलेली, तेव्हा त्यांचे आकडे कमी दिसणार. ते आम्ही वेगळे मांडले.

शून्याचा हिशोब

आता पहिल्या आठवड्याच्या रजिस्टरचं काय? यावर टीममध्ये दोन तास वाद झाला. एकाचं म्हणणं, नोंद ती नोंद, बदलायची नाही. दुसऱ्याचं, सगळा आठवडाच फेकून द्या.

नीट मोजलेल्या शून्यालाही मर्यादा असते. शंभर माणसं तपासली आणि एकही सापडला नाही, तरी खरं प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं असं ९५ टक्के खात्रीनं म्हणायचं असतं. तीनला नमुन्यांच्या संख्येनं भागायचं, हा सोपा नियम. पण तो नियम धरून चालतो, की असलेलं अंडं दिसतं. अंडं दिसायच्या आधीच विरघळत असेल तर शंभर काय नि हजार काय. समजा, चांगल्या हातांनी, वेळेत वाचूनही एका स्लाइडवर निम्मेच लागण झालेले पकडले जातात (हलक्या लागणीत असं होतं). मग १२ टक्के सापडले तर खरे २४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात २० टक्क्यांच्या वर वर्षातून एकदा सामूहिक औषध, ५० च्या वर दोनदा. म्हणजे १२ लिहिलं तर गावाला गोळी नाही आणि २४ लिहिलं तर आहे. त्यामुळं अहवालात स्लाइड किती वेळात वाचली आणि एका माणसाच्या किती स्लाइड पाहिल्या, हे प्रमाणाच्या आकड्याशेजारीच लिहायचं ठरलं. तळटीप म्हणून नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. गोलकृमी आणि व्हिपवर्मच्या नोंदी तशाच ठेवल्या, कारण त्यांना उशिरानं फारसा फरक पडत नाही. हूकवर्मच्या रकान्यातली शून्यं एका रेघेनं खोडली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी 'वाचन उशिरा, ग्राह्य नाही' लिहून तारीख-सही केली. नैतिकता समितीला कळवलं. त्या सगळ्या घरी परत जायचं ठरलं.

इथं खरी अडचण आली. त्या घरांत आमच्या चिठ्ठ्या पोचल्या होत्या. 'जंत आढळले नाहीत.' खाली माझी सही.

पहिल्याच घरातल्या वहिनींनी ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हातातलं तांदूळ निवडणं चालूच.

"म्हंजे पयला कागद खोटा व्हता?"

"चुकीचा होता. आम्ही वेळेत तपासलं नाही."

"आन्‌ आता बघशीला वेळंत?"

मी म्हटलं, जुनी चिठ्ठी परत द्या, रद्द करते. त्यांनी दिली नाही. "असू दे. सही हाय तुमची."

दुसऱ्या दिवशी सातवीतली मुलगी डबी घेऊन धावतच आली. टोमॅटोच्या बियांची गोष्ट वाडीभर झालेली असावी, कारण झाकणावर स्केचपेननं लिहिलं होतं: 'वेळ ६.१०. फक्त आईची.' स्लाइड सहा चाळीसला बनली, सातला वाचली. सात अंडी. चोवीसनं गुणून ग्रॅममागं १६८, म्हणजे हलकी लागण. दोन हजारांच्या आत असलं की हलकी म्हणतात. गरोदर नाही याची खात्री करून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या आशाताईंकडून सुरू केल्या आणि दुसरी चिठ्ठी लिहून दिली.

वहिनींनी ती वाचली, दोनदा घडी घातली आणि त्याच पिशवीत पहिल्या चिठ्ठीच्या मागं सरकवली.